पाचवे कारण

आश्विन शुद्ध नवमीला महाराष्ट्रात खंडेनवमी म्हणून शस्त्रांची व हत्यारांची पूजा होते. दक्षिणेत त्याच सुमारास आयुधपूजा असते. बंगाल, बिहार, ओडिशा या प्रांतांत कन्यासंक्रांतीस, म्हणजे बहुधा १७ सप्टेंबरला, कारखान्यांतून विश्वकर्म्याची मूर्ती बसते. पंजाबात हा मान दिवाळीच्या दुसऱ्या दिवसाला आहे, तर गुजरात व महाराष्ट्रातील सुतार मंडळी माघ शुद्ध त्रयोदशीस विश्वकर्मा जयंती साजरी करतात. तिथी निराळ्या असल्या तरी विधीचा आशय एकच आहे. ज्या साधनाने अन्न मिळते त्याला मनुष्याने वर्षातून एकदा तरी हात जोडावे, हा तो आशय होय.

त्या दिवशी सुताराच्या कारखान्यातील चक्राकार करवत बंद असते. तिचे टेबल झाडून पुसून स्वच्छ करतात, पात्याला कुंकवाचे बोट लावतात, झेंडूची माळ घालतात, नारळ फोडतात, आणि मालक व कारागीर दोघेही तिच्यापुढे उभे राहतात. यात उपहास करण्यासारखे काही नाही. ज्या समाजाला आपल्या साधनांविषयी कृतज्ञता वाटत नाही, तो समाज ती साधने वापरणाऱ्या माणसांविषयीही फार काळ कृतज्ञ राहत नसतो. (जाणत्या कारागिराच्या लक्षात मात्र एक लहानशी गोष्ट असते: ओले कुंकू व फुले बिडाच्या टेबलावर रात्रभर राहिली, तर दुसऱ्या दिवशी त्या जागी गंजाचे डाग दिसतात. म्हणून तो सायंकाळीच टेबल कोरडे पुसून घेतो.) तेव्हा प्रश्न पूजेचा नाही. तो पूजेनंतरच्या दिवसांचा आहे. ज्या पात्याला माळ घातली, त्याचे दाते बोथट झालेले असतील, त्याच्या मागची पट्टी काढून कोपऱ्यात टाकलेली असेल आणि टेबलाखाली सहा महिन्यांचा भुसा साचलेला असेल, तर त्या नमस्काराचा अर्थ काय? यंत्राची निगा राखणे हा केवळ नफ्यातोट्याचा व्यवहार आहे, की ते कर्तव्य आहे? आणि कर्तव्य असेल तर ते कोणाचे?

हाताच्या करवतीच्या काळी हा प्रश्न इतका तीव्र नव्हता. ओंडका उंचावर बसवून एक करवत्या वर व दुसरा खाली उभा राहून तो चिरीत असत. त्या करवतीचा वेग माणसाच्या दंडाचा वेग होता. माणूस थांबला की करवत थांबे, हाताला चुकून दाता लागला तर जखम होई, परंतु बोट सहसा तुटत नसे. १७७७ साली इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर याने घेतलेल्या पेटंटमध्ये चक्राकार करवतीचा उल्लेख सापडतो. तेव्हापासून पुढे वारा, पाणी, वाफ व वीज यांच्या बळावर ही करवत फिरू लागली आणि माणसाच्या क्रियेचे व हत्याराच्या क्रियेचे मान सुटले. दहा इंच व्यासाचे पाते मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर त्याचा प्रत्येक दाता सेकंदास सुमारे ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर वेगाने धावतो. पात्याला चाळीस दाते असले, तर एका सेकंदात दोन हजार दाते एकाच बिंदूवरून जातात. बटण बंद केल्यावरसुद्धा, गतिरोधक नसलेल्या यंत्राचे पाते काही क्षण फिरतच राहते. कर्ता थांबला तरी कर्म थांबत नाही, ही गोष्ट तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात वाचावयाची एरवी सवय असते. या टेबलाजवळ ती डोळ्यांनी दिसते.

आता निगा म्हणजे नेमके काय, हे पाहिले पाहिजे. कारण कर्तव्याची चर्चा पुष्कळदा मोघम शब्दांत राहते आणि मोघम कर्तव्य कोणीच करीत नाही.

पहिली गोष्ट पात्याची. देवदार, चीड अशा लाकडांतील राळ दात्यांच्या बगलांना चिकटून कडक होते. मग पाते लाकूड कापण्याऐवजी घासू लागते, तापते, लाकडावर काळे डाग पडतात. सागाच्या लाकडात वाळूसारखे सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे चांगल्या पोलादाची धारही लवकर जाते. म्हणून ज्या कारखान्यात साग अधिक चिरला जातो तेथे कार्बाइडची टोके बसविलेली पाती वापरतात. विजेची जोडणी काढून, पाते उतरवून, साबणाच्या कोमट पाण्यात ते काही वेळ ठेवावे, मऊ ब्रशाने राळ काढावी, पूर्ण कोरडे करून मग चढवावे, एवढेच हे काम आहे. बोथट पाते सौम्य असते अशी नवशिक्याची समजूत असते, परंतु वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. धार गेली की लाकूड पुढे ढकलण्यास अधिक जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला हात निसटला की तो पात्याकडेच जातो. धारदार हत्याराला कारागीर भितो, म्हणून सावध असतो. बोथट हत्याराशी तो झगडतो.

दुसरी गोष्ट सरळपणाची. लाकूड ज्या पट्टीला टेकवून सरकवितात, ती पट्टी पात्याला समांतर असली पाहिजे. तिचे मागचे टोक पात्याकडे किंचित जरी झुकले, तरी लाकूड दोघांच्या मध्ये आवळले जाते. पात्याचे पुढचे दाते खाली उतरत असल्यामुळे लाकूड टेबलावर दाबून धरतात, मागचे दाते मात्र वर चढत असतात. आवळलेले लाकूड त्या मागच्या दात्यांवर घासले की दाते ते उचलतात आणि कारागिराच्या अंगावर फेकतात. हे इतक्या त्वरेने घडते की माणसाला मागे सरण्यास अवसर मिळत नाही. लाकडाचा फटका पोटाला वा छातीला बसतो तो निराळाच. त्याहून वाईट असे की ज्या हाताने लाकूड धरलेले असते, तो आधार नाहीसा झाल्यामुळे पुढे पात्यावर पडतो. ही समांतरता तपासण्याची रीत अगदी साधी आहे. पात्याच्या एका दात्यावर खडूची खूण करावी, टेबलावरील खाचेपासून त्या दात्याचे अंतर पुढच्या बाजूस मोजावे, मग पाते हाताने फिरवून तोच दाता मागे न्यावा आणि पुन्हा मोजावे. दाता तोच घ्यावयाचा, कारण पाते स्वतः किंचित वाकलेले असू शकते. दोन दाते घेऊन मोजले, तर टेबलाचा दोष की पात्याचा, हे कळत नाही. खाचेशी पाते समांतर आहे असे ठरले की मग पट्टीही त्याच खाचेशी जुळवून घ्यावयाची. विजेची जोडणी आधी काढलेली असावी, हे निराळे सांगावयास नको असे वाटते, परंतु अनुभव असा आहे की तेच पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पात्याच्या लगेच मागे, काही मिलिमीटर अंतरावर, एक उभी पोलादी पट्टी असते. तिला दुभाजक पट्टी म्हणता येईल. तिची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा अधिक आणि दात्यांनी पाडलेल्या चिरेपेक्षा कमी असावी लागते. चिरले गेलेले लाकूड पुन्हा मिटून मागच्या दात्यांना चिकटू नये, एवढेच तिचे काम. टेबलावरच्या पारदर्शक झाकणापेक्षाही हिचे महत्त्व मोठे मानावे लागते, कारण झाकण हाताला आडवे येते, तर ही पट्टी संकट उत्पन्नच होऊ देत नाही. पाते बदलले आणि नव्या पात्याची जाडी निराळी असली, तर पट्टीही बदलावी लागते. हीच गोष्ट विसरली जाते, पट्टी लाकडाला अडू लागते, आणि एके दिवशी ती काढून ठेवली जाते.

बाकीची कामे थोडक्यात सांगता येतील. टेबलाला मेण चोळावे, म्हणजे पावसाळ्यात गंज चढत नाही व लाकूड सहज सरकते. पाते वरखाली करणाऱ्या दात्याच्या चक्रांना चिकट वंगण लावू नये, कारण भुसा त्यात बसून घट्ट होतो. तेथेही मेणच बरे. पट्ट्याचा ताण, कण्यातील ढिलेपणा, विजेच्या तारांची वेष्टने पाहावी. भुसा रोज काढावा. तो आग धरतो हे सर्वांस ठाऊक असते, परंतु लाकडाची धूळ मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत मोडते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केला, हे पुष्कळ कारखान्यांतून अद्याप पोहोचलेले नाही.

ही सर्व कामे मिळून रोज पंधरा मिनिटे आणि आठवड्यास एखादा तास लागत असेल. असे असता ती होत नाहीत, आणि एके दिवशी कोणाचे तरी बोट जाते. मग जे शब्द ऐकू येतात ते सर्व प्रांतांत सारखेच असतात: नशिबात होते, ग्रह वाईट होते, वेळ आली होती.

या ठिकाणी गीतेच्या अठराव्या अध्यायातील एक विचार उपयोगी पडतो. कोणतेही कर्म घडण्यास पाच कारणे लागतात असे तेथे सांगितले आहे. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, विविध चेष्टा, आणि या चारांनंतर दैव. शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर व करणे म्हणजे इंद्रिये असा अर्थ घेतला आहे, आणि आत्मा अकर्ता आहे हे दाखविण्यासाठी तो योग्यच आहे. तथापि हीच विभागणी कारखान्यातील एका अपघाताला लावून पाहिली, तरी तिचा प्रकाश पडल्यावाचून राहत नाही.

अधिष्ठान म्हणजे येथे जागा. टेबल डगमगत होते काय? जमीन भुशाने निसरडी झाली होती काय? उजेड कारागिराच्या पाठीमागून येत असल्यामुळे त्याची स्वतःचीच सावली पात्यावर पडत होती काय? कर्ता म्हणजे कारागीर. तो दहा तास उभा होता काय, जेवला होता काय, त्याला हे काम कोणी शिकविले होते की नुसते पाहून तो शिकला? करण म्हणजे करवत. तिच्याविषयी वर सांगितलेच आहे. चेष्टा म्हणजे हालचाल. हात पात्याच्या रेषेत होता काय, लहान तुकडा काठीने ढकलावयाचा तो बोटांनी ढकलला काय, लोंबती बाही वा सैल हातमोजा होता काय? या चारही प्रश्नांची उत्तरे शोधल्यानंतर जे उरेल, त्याला दैव हे नाव द्यावयाचे. पाचवे कारण पाचवे आहे, हे विसरून त्याला पहिल्या जागी बसविले, म्हणजे उरलेली चार तपासण्याचे श्रम वाचतात. दैववाद पुष्कळांना गोड वाटतो तो श्रद्धेमुळेच वाटतो असे नाही. त्यात हा लाभही असतो.

दैव नाहीच, असे मात्र कोणी समजू नये. लाकडात दैव असते, हे प्रत्येक सुतार जाणतो. झाड उतारावर वाढले, वाऱ्याने एका अंगास झुकले, की त्याच्या धाग्यांत ताण साठून राहतो. फळी चिरली जाताच तो ताण मोकळा होतो आणि चिरेच्या दोन बाजू एकमेकींकडे मिटू लागतात. बाहेरून पाहून हे कळत नाही. जुन्या वाड्याच्या तुळईत पन्नास वर्षांपूर्वी ठोकलेला खिळा आत बुडालेला असतो, तोही दिसत नाही. हे खरे दैव होय. परंतु मागची दुभाजक पट्टी कशासाठी आहे? मिटणाऱ्या चिरेसाठीच. म्हणजे ज्या शहाण्या माणसांनी हे यंत्र घडविले, त्यांनी दैवाचा विचार आधीच केला होता आणि त्याच्यासाठी लोखंडाची एक जागा राखून ठेवली होती. ती पट्टी काढून टाकणारा मनुष्य नंतर दैवाला दोष देतो, तेव्हा त्याने दैवाच्या वाटेतील अडसर स्वतःच्या हाताने काढलेला असतो.

पंचतंत्राच्या पहिल्याच तंत्रात एका वानराची कथा आहे, ती लहानपणी सर्वांनी ऐकलेली असते. देवालयाचे बांधकाम चालू आहे, सुतार दुपारच्या भोजनास गेले आहेत, अर्जुनवृक्षाचा एक ओंडका अर्धा चिरून त्यात खैराची पाचर ठोकून ठेवलेली आहे. वानर ओंडक्यावर बसतो, पाचर उपटतो, फटीच्या दोन बाजू मिटतात आणि तो प्राणास मुकतो. ज्याचे काम नाही त्याने त्यात हात घालू नये, असा बोध या कथेतून काढतात, आणि तो कथेतच सांगितलेला असल्यामुळे त्याविषयी वाद नाही. परंतु सुताराच्या दृष्टीने कथा वाचली तर आणखी दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की दुभाजक पट्टीचे तत्त्व या देशातील करवत्यांना फार प्राचीन काळापासून ठाऊक होते. चिरलेले लाकूड मिटते, म्हणून त्यात पाचर ठेवावी लागते, हे ज्ञान नवे नाही. दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे. कथेतील सुतारांनी पाचर नीट ठोकली होती, त्यांचा दोष नाही असेच कोणीही म्हणेल. पण त्या भागात वानरांचा कळप हिंडत असतो, हे त्यांना माहीत नसावे काय? ज्याच्या हाताखाली नवशिके पोर काम करते, त्या मालकाची स्थिती त्या सुतारांपेक्षा निराळी नाही. पोर काय करील हे त्याला ठाऊक असते, निदान ठाऊक असावयास हवे.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. ती अशी की पट्टी व झाकण बहुधा कारागीरच काढून टाकतो. मालकाने बसवून दिले तरी तो काढतो. काम अडते, वेळ जातो, असे म्हणतो. मग बोट त्याचे, निर्णय त्याचा, परिणामही त्याचाच. यात मालकाला पाप का लागावे?

या शंकेत सत्याचा अंश आहे आणि तो नाकारता येत नाही. कारागीर हा लहान मूल नव्हे. त्याला विवेक आहे आणि त्याच्या निवडीला किंमत आहे. परंतु निवड कशाच्या दरम्यान होती, हे पाहिल्याशिवाय न्याय करता येत नाही. मजुरी नगावर ठरलेली असेल, संध्याकाळपर्यंत चाळीस चौकटी द्यावयाच्या असतील, आणि झाकण लावून तीसच होत असतील, तर झाकण काढण्याचा निर्णय सकाळी मजुरीचा दर ठरला तेव्हाच अर्धाअधिक झालेला असतो. तो दर मालकाने ठरविला. कष्टाचे वाटते म्हणून नियत कर्म टाकणे हा राजस त्याग आणि मोहाने टाकणे हा तामस त्याग, असा भेद गीतेने केला आहे. कारागिराचा त्याग बहुधा पहिल्या प्रकारचा असतो. त्याला धोका कळतो, पण निकड मोठी असते. मालकाचा त्याग पुष्कळदा दुसऱ्या प्रकारचा असतो. त्याला काही दिसतच नाही, कारण तो टेबलाकडे फिरकत नाही. परिणाम, हानी, दुसऱ्याला होणारी इजा आणि आपले सामर्थ्य यांचा विचार न करता आरंभिलेले कर्म तामस होय, हे लक्षण त्याला आणि केवळ त्यालाच लागू पडते असे नाही, परंतु त्याला ते अगदी नेमके लागते. या दोघांत अधिक दोषी कोण, याचा निकाल प्रत्येक प्रसंगी निराळा लागेल. मात्र केवळ कारागीरच कर्ता आहे असे जो म्हणतो, त्याने पाच कारणांपैकी एकच पाहिले.

कायद्यानेही या विषयाचा विचार केला होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील २१ व्या कलमाने यंत्राच्या धोक्याच्या भागांना भक्कम आडोसा असावा आणि यंत्र चालू असताना तो सतत जागेवर व सुस्थितीत ठेवला जावा, असा दंडक घातला. आडोसा नुसता असून भागत नाही, तो टिकवावा लागतो, हे त्या कायद्याला कळले होते. परंतु वीज वापरणाऱ्या कारखान्यात सामान्यतः दहा माणसे असली तरच तो कायदा लागू होई, आणि लाकडाचे काम तर बहुतांशी चार-पाच माणसांच्या दुकानांत चालते. तेथे कायद्याचा अधिकारी येत नाही. जेथे तो येत नाही तेथे धर्माने तरी यावे, ही अपेक्षा वाजवी आहे.

दुसरा कायदा १९२३ चा, कामगारांच्या नुकसानभरपाईचा. त्याला जोडलेल्या परिशिष्टात पुढील काळात अवयवांची जी सारणी होती, ती एकदा तरी वाचण्यासारखी आहे. अंगठा गेला तर मिळकतीची शक्ती ३० टक्क्यांनी कमी झाली असे धरावयाचे. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मध्यमा गेली तर १२, अनामिका अथवा करंगळी गेली तर ७. कायद्याला आकडा लागतो, त्यावाचून न्यायाधीश काय देणार? त्या सारणीची निंदा करणे बरोबर होणार नाही. अनेक कुटुंबांना तिने आधार दिला. परंतु सुताराला अंगठा आणि तर्जनी यांमध्ये पटाशी धरावी लागते. ते दोन्ही गेले म्हणजे टक्क्यांची बेरीज निराळी, आणि मुलाला हात धरून पहिला रंधा मारावयास शिकविणे राहून गेले ही गोष्ट निराळी. ती कोणत्याही सारणीत बसत नाही.

असे असूनही निगा उपेक्षित का राहते, याचे कारण तिच्या फळात आहे. टेबल बनविले तर टेबल दिसते, खुर्ची बनविली तर खुर्ची दिसते. निगा केली तर काहीच दिसत नाही. जे घडावयाचे होते ते घडले नाही, हेच तिचे फळ. नैयायिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आणि त्यावर पुष्कळ वाद घातले, परंतु न तुटलेल्या बोटाचा सत्कार करण्याची रीत कोणत्याच शास्त्राने घालून दिलेली नाही. पंधरा वर्षे ज्या कारखान्यात अपघात झाला नाही, तेथील मालकाला लोक नशीबवान म्हणतात. म्हणजे अपघात झाला तरी दैव, आणि न झाला तरी दैवच. शनिवारी संध्याकाळी जो मनुष्य वाकून टेबलाखालचा भुसा काढतो, त्याला हे ठाऊक असते की याबद्दल त्याला कोणी धन्यवाद देणार नाही, आणि त्याने कोणाचे काय वाचविले हे त्याला स्वतःलाही कधी कळणार नाही. फळाची अपेक्षा न ठेवता कर्म करणे कसे असते, हे समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

आणखी एक शंका आधुनिक आहे. १९९९ साली अमेरिकेत स्टीव्ह गॅस या गृहस्थाने अशी करवत बनवून दाखविली की मनुष्याची त्वचा पात्याला लागताच विजेचा सूक्ष्म बदल ओळखून सुमारे पाच सहस्रांश सेकंदात पाते थांबावे. बोट तुटण्याऐवजी नुसता ओरखडा पडतो. मग यंत्रच जर आपली काळजी घेऊ लागले, तर माणसाचे कर्तव्य संपले काय? अशी साधने स्वस्त होऊन लहान दुकानांत पोहोचावी, अशी इच्छा कोणीही करील, आणि महागाईमुळे ती पोहोचत नाहीत हे वाईट आहे. परंतु त्या करवतीतही पाते थांबविणारा ठोकळा पात्यापासून ठराविक अंतरावर जुळवून ठेवावा लागतो, एकदा पाते थांबविले की ठोकळा बदलावा लागतो व पातेही बहुधा निकामी होते. लाकूड ओले असले तर ती विनाकारण थांबू शकते, म्हणून ती सोय तात्पुरती बंद करण्याची कळही तिला ठेवावी लागली आहे. जेथे कळ आहे तेथे ती दाबणारा हातही आहे. विचार पुन्हा मनुष्यापाशी येऊन थांबतो.

उलट दिशेचा अतिरेकही संभवतो, त्याचा केवळ उल्लेख पुरे. काही हौशी माणसे हत्यारांना तेलपाणी करण्यातच रमतात आणि त्यांच्या हातून एक चौरंगही पुरा होत नाही. निगा ही कर्मासाठी आहे. असे लोक थोडे असतात आणि त्यांच्यामुळे कोणाचे बोट जात नाही, म्हणून त्यांची फार चिंता करण्याचे कारण नाही.

या सर्वांचा सामान्य गृहस्थाशी काय संबंध, असे कोणी विचारील. तो कारखानदार नाही, सुतारही नाही. परंतु आजकाल शहरांत सुताराचा कारखाना पुष्कळदा गृहस्थाच्या घरातच येतो. नवे घर घेतले की स्वयंपाकघरातील फडताळे, कपाटे, देव्हारा ही कामे जागेवर होतात. गच्चीवर किंवा रिकाम्या खोलीत प्लायवूडचे एक टेबल उभे राहते, हातात धरून चालविण्याची कटर मशीन उलटी करून त्याखाली बसवितात, तिचे बटण दोरीने किंवा चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवतात आणि पाते फटीतून वर काढतात. अशा टेबलाला ना दुभाजक पट्टी, ना झाकण, ना हाताशी बंद करण्याची सोय. बंद करावयाचे तर भिंतीपर्यंत जाऊन प्लग काढावा लागतो. या कर्माचे अधिष्ठान गृहस्थाचे घर आहे, वीज त्याची आहे, आणि दिवा लावणेही त्याच्याच हातात आहे.

आणि मुहूर्तही त्याचाच असतो. वास्तुशांतीचा दिवस ठरलेला, पत्रिका वाटून झालेल्या, आणि देव्हाऱ्याची दारे अजून बसावयाची. मग शेवटचे चार दिवस सुतार रात्री अकरापर्यंत काम करतो, एका लोंबत्या दिव्याखाली, सकाळपासून न बदललेल्या पात्याने. पाते धार लावण्यास बाजारात पाठवावयाचे तर अर्धा दिवस मोडतो. टेबलावर बटण, पट्टी व झाकण असलेले बरे यंत्र भाड्याने आणावयाचे तर थोडे पैसे पडतात. हा अर्धा दिवस आणि हे पैसे मागण्याचे धाडस बाहेरगावाहून आलेल्या, रोजावर काम करणाऱ्या सुताराला सहसा होत नाही. ते गृहस्थाने आपण होऊन पुढे करावे लागतात, आणि पंचांग उघडून पुढचा मुहूर्त कधी आहे हे पाहण्याची तयारीही ठेवावी लागते.